खडूने लिहिलेलं चौथं नाव

माझं अक्षर फार चांगलं होतं. ही फुशारकी नाही. या अक्षरापायी जन्मभर मी जेवढी फुकट कामं केली तेवढी गाढवानेही केली नसतील. लग्नपत्रिकांची पाकिटं, गणपतीच्या मंडपातल्या सूचना, शेजारणींची माहेरची पत्रं, शाळेच्या फळ्यावरचे सुविचार, सगळं माझ्या गळ्यात. पनवेलला मुलींच्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते. आमच्या मुख्याध्यापिकांना काही लिहून हवं असलं की त्या माझ्याकडे बघून नुसत्या गोड हसायच्या आणि मी मुकाट्याने खडू उचलायची. पण एक पाटी अशी आली की ती लिहिताना माझा हात चालेना. ती गोष्ट सांगायची तर त्याच्या आधीच्या वर्षीच्या दिवाळीपासून सुरुवात करावी लागेल.

बासष्ट सालची दिवाळी. घरात आम्ही चौघं होतो: आई, माझे वडील म्हणजे अण्णा, वहिनी आणि मी. थोरला भाऊ, माझा दादा, फौजेत होता. त्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यात तो घरी राहिला होता दोन रजांपुरता. दिवाळीच्या आठवडाभर आधी चीनची लढाई सुरू झाली. दादाचं लढाईआधी लिहिलेलं पत्र ती सुरू झाल्यावर आमच्या हाती पडलं. इकडे थंडी फार आहे, हात पेन धरत नाही, आणि आईच्या नानकटाईची आठवण येते, एवढंच त्यात होतं.

नानकटाई भाजायला तेव्हा घरात सोय नसे. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून मोहल्ल्यातल्या बेकरीत न्यायची, तिथल्या ओट्यावर बसून आपल्या हाताने मळायची, गोळे करून पत्र्याच्या ट्रेवर मांडायचे आणि ट्रे भट्टीत द्यायचा. दिवाळीत तिथे ही गर्दी. आपला ट्रे ओळखू यावा म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कोणी चारोळी लावायचं, कोणी बदामाचा काप. आमची खूण वेलदोड्याचा एक दाणा. बेकरीवाल्या चाचांचा मुलगा आणि दादा एका वर्गातले, एकाच वर्षी भरती झालेले. त्या दिवशी चाचांची बायको, आमची चाची, आमच्या शेजारीच पीठ मळत बसली होती. ती आईला म्हणाली, "माज्या पोराचा डबा पन तुमच्या संगतीच जाऊ दे. दोगं तिकडंच हायत ना."

दोघं वेगवेगळ्या पलटणींत होते, पण आमच्या लेखी "तिकडं" म्हणजे सगळं एकच. वहिनीने दोन्ही डबे मांजरपाटात शिवले. त्यावर पत्ते लिहिले मी, शाईत ब्रश बुडवून, मोठ्या ठसठशीत अक्षरात. आमच्या डब्यात वहिनीने वरच्या थराला दोन दोन वेलदोडे लावले होते. मी तिला चिडवलं, की एवढे वेलदोडे खाऊन तो चिन्यांच्या अंगावर जाणार की काय. ती हसली. तिला मोकळं हसताना मी पाहिलं ते तेव्हाच, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्यानंतरचे दिवस गावाने कसे काढले ते आता कोणाला खरं वाटणार नाही. नगरपालिकेच्या वाचनालयात रेडिओ लावत, तिथे बाप्यांची गर्दी बाहेर रस्त्यापर्यंत यायची. बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. वहिनीने पाटल्या दिल्या, आईने गोठ दिले. जवानांकडे गरम कपडे नाहीत असं कोणी तरी सांगितलं, तर महिला मंडळाने लोकर मागवली. आता पनवेलच्या बायकांना लोकर काय माहीत? आमच्याकडे पौषातसुद्धा दुपारी पदराने वारा घ्यावा लागतो. पण घामाने चिकटलेल्या बोटांनी सगळ्या जणी विणत बसायच्या. एका बाहीहून दुसरी बाही लांब, गळा असा की डोकं जाईल तर शपथ. मिठागरावर राबणाऱ्या बाया दिवसभराचं काम आटपून यायच्या आणि म्हणायच्या, "आमाला पन शिकवा, आमची पोरं हायत तिकडं." ब्राह्मणाळीतल्या बायका त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसल्या. एरवी पाणी प्यायचे पेले वेगळे असणाऱ्या घरांतल्या या बायका. मला तेव्हा वाटलं होतं, की चला, लढाईने हे एक तरी बरं केलं. पुढे पेले पुन्हा वेगळे झाले, ते सोडा.

मग चाचांकडे तार आली.

त्यांचा मुलगा गेला होता. बातमी तासाभरात गावभर झाली. कोणी सांगितलं नव्हतं तरी कापड बाजार बंद झाला, टपाल नाक्यापर्यंत एकही दुकान उघडं नव्हतं. बेकरीची भट्टी त्या दिवशी थंड होती. अण्णा जाऊन चाचांच्या शेजारी बाकड्यावर बसले ते दिवेलागणीला उठले. मी आणि वहिनी आत चाचीकडे गेलो. मला वाटलं होतं ती ऊर बडवत असेल. ती रडून रडून आता शांत झाली होती. तिने वहिनीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुमच्याकडं काय खबर?" वहिनीने मान हलवली. चाची म्हणाली, "माज्या हातात कागद तरी आला गो. रडायला जागा झाली."

 घरी येताना मी मनातल्या मनात चाचीवर चिडले, की असं का बोलली ती. कागद म्हणजे काय चांगली गोष्ट आहे?

आमचा कागद दोन आठवड्यांनी आला. इंग्रजीत होता. अण्णांनी ओसरीत उभ्याने वाचला, मग खुर्चीत बसून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. आम्ही तिघी दारात. शेवटी ते म्हणाले, "बेपत्ता आहे. मारला गेला असावा असं समजतात."

"समजतात म्हणजे कोण समजतं?" आईने विचारलं.

अण्णांनी कागद तिच्यापुढे धरला. आईने वहिनीकडे वळून एकदाच सांगितलं, "समजणाऱ्यांना समजू दे. आपल्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. बारा वर्षं झाली की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तोवर तो आहे. तू कुंकू लावायचंस." वहिनी हो म्हणाली. तिचं वय तेव्हा बावीस होतं.

वाट बघणं ही काय चीज आहे ते मला त्या वर्षी कळलं. रोज अकराच्या सुमाराला पोस्टमन आमच्या आळीच्या तोंडाशी यायचा आणि वहिनी हातातलं काम तसंच ठेवून दारामागे उभी राहायची. दारात नाही, दारामागे. पोस्टमन बिचारा भला माणूस. आमच्याकडे काही नसलं की तो लांबूनच मान खाली घालून सायकल पुढे काढायचा, म्हणजे आमची आशा पायरीपर्यंत येऊ नये. उन्हाळ्याच्या तोंडाला चीनने कैदी सोडायला सुरुवात केली. पेपरात नावं यायची. अण्णा पहिल्या एस.टी.ने येणारा पेपर स्टँडवरच उघडून वाचायचे, आणि त्यांची घराकडे येण्याची चाल बघून आम्हाला कळायचं. कैदी येऊन संपले. दादाचं नाव कुठेच नव्हतं.

त्याच सुमाराला आमचा डबा परत आला. मांजरपाट मळून काळं झालेलं, माझ्या ठसठशीत अक्षरावर लाल शाईची आडवी रेघ. उघडला तर आत नुसता भुगा आणि त्यात वेलदोड्याचे दाणे. मी फेकून द्यायला निघाले, तर वहिनीने माझ्या हातातून डबा काढून घेतला आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवला. 

आता अण्णांचं सांगते, कारण त्यांचा मला फार राग आला होता आणि तो सगळाच बरोबर नव्हता. अण्णा स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या आवारात झेंड्याची दोरी तेच बांधून द्यायचे, गाठ त्यांच्याखेरीज कोणाची त्यांना पटायची नाही. असा माणूस संध्याकाळी तळ्याच्या काठी मित्रांत जाऊन बसायचा तो एकाएकी जाईनासा झाला. आठवडाभर मी विचारलं नाही. मग एक दिवस चाचांकडूनच कळलं. हॉटेलात कोणी तरी अण्णांच्या देखत म्हणालं होतं, "बेपत्ता म्हणजे काय हो? मेला तर मेला म्हणतात, धरला तर धरला म्हणतात. उरलं काय? पळाला असेल." चाचांनी तिथल्या तिथे त्या माणसाची गचांडी धरली होती. पण शब्द पडायचा तो पडला. 

लढाईला वर्ष व्हायच्या सुमाराला गावात स्मरणसभेची समिती झाली. शाळेच्या पटांगणात सभा घ्यायची, मामलेदारांना बोलवायचं, आणि तालुक्यातल्या गेलेल्या जवानांची नावं असलेली एक मोठी लाकडी पाटी शाळेच्या ओसरीत कायमची लावायची, असं ठरलं. नावं चार. एक खाडीकाठच्या गावचा आगरी मुलगा, एक आपटा गावचा, तिसरा चाचांचा. चौथा दादा. समितीत अण्णा होते आणि चौथं नाव त्यांनीच दिलं होतं.

मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे बघून हसल्या. या वेळी हसताना त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "अक्षर तुमचं, भाऊ तुमचा. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"  मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच उघडेना, आणि मी तर फटकळ म्हणून प्रसिद्ध.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या चिटणीस बाई घरी आल्या. सभेत चारही घरच्या बायकांना साडी देऊन सन्मान करायचा होता. त्या चहा प्यायल्या, हवापाण्याचं बोलल्या, पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. मग आईला म्हणाल्या, "साडी घ्यायला उद्या ठाण्याला जाणार आहोत. तर म्हटलं, विचारून घ्यावं. रंग..."  पांढरी आणायची की रंगीत, एवढाच प्रश्न होता. आत स्वयंपाकघरात वहिनी तांदूळ निवडत होती, तिच्या सुपाचा आवाज थांबला.

"हिरवी आणा," आई म्हणाली.

बाईंनी मान डोलावली आणि पळ काढला. मी त्यांना बोल लावणार नाही. माझ्यावर ती वेळ आली असती तर मी तरी काय विचारलं असतं?

त्या संध्याकाळी मी अण्णांशी भांडले. घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती, म्हणून मागीलदारी विहिरीपाशी गेलो. मी म्हटलं, "तुम्ही नाव दिलंत म्हणजे तुम्ही त्याला मेला म्हणून सांगितलंत. उद्या पाटी लागली की परवा आळीतल्या बायका वहिनीच्या कपाळाकडे बघणार. पाटीवर गेला आणि कपाळावर आहे, असं कसं चालेल त्यांना? देशासाठी म्हणून आणखी काय काय काढून द्यायचं तिने?"

अण्णा रहाटाला हात लावून उभे होते. म्हणाले, "आणि नाव नाही लागलं तर काय होईल, ठाऊक आहे? तीन नावं लागतील. गाव विचारेल चौथा कुठे. मग हॉटेलात जे एक जण बोलला ते दहा जण बोलतील. पळपुट्याची बायको म्हणून जगेल ती. तुझ्या आईची बारा वर्षं पुरी होईपर्यंत." मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "तो पळणार नाही ग. पण हे सांगायला माझ्याजवळ त्या पाटीशिवाय काही नाही."

मला झोंबलं, कारण त्यांचंही खोटं नव्हतं. नाव लिहिलं तर वहिनीचं कुंकू जातं, नाही लिहिलं तर दादाची अब्रू जाते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ब्रश माझ्या हातात.

पाटी लिहायची रीत अशी, की काळ्या रंगावर आधी सुतळीला खडू लावून ती ताणून टिचकी मारायची. सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं खडूने आखायची, लांब जाऊन बघायचं, चुकलं तर ओल्या फडक्याने पुसायचं. सगळं मनासारखं झालं की मगच पांढरा तेलरंग भरायचा, कारण तो एकदा वाळला की निघत नाही. पहिल्या दिवशी मी चारही नावं खडूने आखली. दादाचं नाव मी जन्मात इतक्या वेळा लिहिलं होतं, पाकिटांवर, डब्यांवर, पण त्या दिवशी ते मला तीनदा पुसावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी वरची तीन नावं रंगवली.

दुपारी वहिनी माझा डबा घेऊन शाळेत आली. एरवी डबा शिपाई न्यायचा. ती पाटीसमोर उभी राहिली. तिला भरभर वाचता येत नसे, एकेक अक्षर लावून ती वाचायची. चौथ्या ओळीपाशी ती सर्वांत जास्त थांबली. मग म्हणाली, "वन्सं, हे अजून खडूचंच आहे."

"हो. रंगवायचं आहे."

"रंगवाल तेव्हा मला आधी सांगा," ती म्हणाली. "मी त्या दिवशी घरूनच कुंकू न लावता येईन. चार लोकांत कोणी पुसायला नको."

एवढं बोलून तिने डबा टेबलावर ठेवला, माझ्या पाण्याच्या तांब्यावर फुलपात्र उपडं घातलं आणि गेली. मी तिच्या मागे धावायला हवं होतं. मी तिथेच बसून रडले. आजवर सगळ्यांनी तिच्या कपाळाबद्दल मतं दिली होती, आईने, अण्णांनी, मंडळाने, मीसुद्धा. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तीही तक्रार न करता आमच्या निकालाची तयारी करून बसली होती. मी रंगाचा डबा बंद केला आणि त्यावर झाकण इतकं दाबलं की पुढे ते चमच्याने उचकटावं लागलं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता सभा. पटांगण फुललं होतं. आगऱ्यांच्या गावांतून बैलगाड्या आल्या होत्या, मोहल्ल्यातली माणसं होती, डोंगराकडच्या वाडीवरची आदिवासी ठाकरं कुंपणाला धरून उभी होती. पाटीवर पांढरी चादर.  चौथं नाव मी तसंच ठेवलंय हे माझ्या आणि वहिनीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आता चादर निघाली की अण्णा मला काय म्हणतील, समिती काय म्हणेल, नोकरी राहील का, सगळं मनात फेर धरत होतं. पुढच्या चार खुर्च्यांवर चार घरच्या बायका. वहिनी चाचीच्या शेजारी; मी तिला काही सांगितलं नव्हतं, म्हणून कपाळावर कुंकू.

मामलेदारांनी दोरी ओढली. तीन नावं उन्हात चमकली. चौथं तिथे होतं, वाचताही येत होतं, पण फिकट खडूचं. कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे बघत होत्या आणि या वेळी हसत नव्हत्या. अण्णांनी पाटीकडे पाहिलं, मग गर्दीत मला शोधलं. मी नजर चुकवली नाही, एवढं धैर्य कुठून आलं देव जाणे.

मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मंडळाच्या अध्यक्ष बाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन पुढच्या रांगेतून निघाल्या. कुठलाही समारंभ असो, सवाष्णींना हळदीकुंकू आधी. सभा शोकाची आहे, पुढच्या खुर्च्यांवर कोण बसलंय, याचा कोणीही विचार केला नव्हता. नेहमीची गोष्ट म्हणून नेहमीसारखी चालली होती. आगरी मुलाची विधवा होती, तिला त्या वगळून पुढे आल्या. आपट्याच्या मुलाच्या म्हाताऱ्या विधवा आईला वगळलं. आणि वहिनीसमोर येऊन त्यांचा हात करंड्यातच राहिला. लावायचं तर पाटीवर नाव आहे. वगळायचं तर कपाळावर कुंकू आहे. सगळं पटांगण बघत होतं. वहिनीने मान खाली घातली आणि तिचा हात पदराकडे गेला. मला कळलं ती काय करणार आहे. ती स्वतःच पुसणार होती.

चाचीने अध्यक्ष बाईंचं मनगट धरलं. बाईंचं बोट करंड्यात बुडालेलं होतं, तो हात तिने तसाच वहिनीच्या कपाळापर्यंत नेला. "लाव की गो," ती म्हणाली, काळजीने पण खणखणीत. "माज्या पोराची खबर आली. हिच्या घरची आली नाय अजून."

बाईंनी कुंकू लावलं. ते जरा तिरपं लागलं, नाकाच्या बाजूला सांडलं. कोणी हसलं नाही. मग साड्या आल्या. वहिनीला दिलेली साडी हिरवी नव्हती आणि पांढरीही नव्हती. मंडळाने मोतिया रंग काढला होता. काहीही म्हणा, बिचाऱ्यांनी दुकानात किती वेळ डोकेफोड केली असेल.

नावं वाचायचं काम अण्णांकडे होतं. एकेक नाव त्यांनी वाचलं आणि प्रत्येकामागे सगळं पटांगण "अमर रहे" म्हणालं. चाचांच्या मुलाच्या नावाला आवाज एवढा झाला की पिंपळावरचे कावळे उठले. अण्णा चौथ्या नावाशी आले. त्यांनी ते वाचलं. लोकांनी श्वास घेतला तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"हा माझा मुलगा," ते म्हणाले. "बेपत्ता आहे. याहून जास्त मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर त्याने इथे वर येऊन सगळ्यांसमोर सांगावं."

ते थांबले. खरंच वाट बघत थांबले. हॉटेलात बोललेला माणूस गर्दीत होता, मी त्याला पाहिलं होतं. कोणी वर आलं नाही. अण्णांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि खाली उतरून वहिनीच्या मागे येऊन उभे राहिले. घरी जाताना मला एवढंच म्हणाले, "राहू दे खडूचं." त्या दिवसानंतर ते पुन्हा तळ्याकाठी जाऊन बसायला लागले.

खडूचं नाव टिकत नाही. ओसरीत पाऊस येत नसे, पण मुली पाटीला टेकायच्या, पाठीला पांढरं लावून घरी जायच्या. म्हणून दर वर्षी सभेच्या आदल्या दिवशी मी सुतळी ताणायची आणि दादाचं नाव पुन्हा आखायची. पुढच्या लढायांत त्या पाटीवर आणखी नावं चढली, ती सगळी रंगाची. नवीन आलेल्या शिक्षिका विचारायच्या, की बाई हे एकच का असं. मी म्हणायची, काम बाकी आहे. चाची म्हातारी झाली तरी सभेला यायची आणि आधी जाऊन चौथ्या ओळीकडे बघायची. अण्णा गेले. नवव्या वर्षी आई गेली. शेवटच्या दुखण्यात तिचं भान गेलं होतं, पण वहिनी जवळ आली की ती तिच्या कपाळावरून हात फिरवून बघायची. आई गेल्यावर मी वहिनीला सांगितलं, की आता तुला कोणाचं बंधन नाही, तुला वाटेल तसं कर. ती म्हणाली, "आईंना हो म्हटलंय ना मी."

बारापैकी किती वर्षं झाली ते मी मोजत नव्हते, हे कबूल करते. मी तेव्हा मुख्याध्यापिका झाले होते आणि माझ्यामागे शंभर व्याप होते. एका सकाळी प्रार्थना संपली आणि वहिनी शाळेच्या फाटकातून आत येताना दिसली. अंगावर ती मोतिया साडी, जी तिने एवढ्या वर्षांत एकदाही नेसली नव्हती. कपाळ मोकळं. ती घरूनच तशी निघाली होती. हातात नानकटाईचा तो जुना डबा होता. तिने माझ्या टेबलावर उघडला, तर आत पांढऱ्या तेलरंगाची लहान डबी आणि नवा ब्रश.

मी ब्रश घेतला, तर ती म्हणाली, "तुम्ही आखून द्या, वन्सं. भरते मी."

मी आखून दिलं. सुतळीची टिचकी दोनदा चुकली. मग ती स्टुलावर बसली आणि एकेक अक्षर लावून वाचत असे तसं एकेक अक्षर तिने रंगाने भरलं. खडूच्या बाहेर कुठे थेंब गेला नाही. मला वाटलं होतं की मी तिला सावरेन, पण मीच भिंतीला टेकून उभी होते.

भरून झाल्यावर तिने विचारलं, "वाळायला किती वेळ लागतो?"

"संध्याकाळ होईल. तू घरी जा, मी बघते."

ती गेली नाही. मधली सुट्टी झाली, पोरी नेहमीसारख्या ओसरीत धावत आल्या, तर ती पाटीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "लांबून जा ग बायांनो," ती त्यांना सांगत होती, "ओलं आहे अजून, हात लावू नका, पुसेल."